दुसरा रिमोट

शहापुरात कोरे गल्लीच्या तोंडाला
आमच्या बाचं मागाचं शेड.
माग भंगारात गेले, खड्डे राहिले,
पाय सोडून बसायचे खड्डे.
त्यांच्यावर फळ्या टाकून मी चार टीव्ही मांडले.
दोन हजार एक असेल, नाहीतर दोन.
पाच मिनिटं, एक रुपया.

बोर्ड भैरू पेंटरनं रंगवला.
मग हुकूम आला: कन्नड वर, मोठं. मराठी खाली.
भैरू शिडीवरनंच हसला,
वर पण व्हिडिओ गेम, खाली पण व्हिडिओ गेम.
रंगाचे दीडशे तेवढे सोडले नाहीत त्यानं.

कॅसेट अडली की फुंकर मारायची.
सगळ्यांची लागत नव्हती.
वडगावच्या सिद्रायची लागायची,
म्हणून त्याला अर्धं मिनिट जास्त.
एका टीव्हीला दोन रिमोट,
दुसऱ्याचं उडीचं बटण बसकं.
तो कुणी घ्यायचा ह्यावरनं
शाई लागलेल्या बोटांची झोंबाझोंबी.
बसलिंग जिंकला की ओरडायचा, गेद्दे!
हरला की शिव्या मराठीतनं.
शिव्या आमच्याकडनंच शिकलेला.

फोन आला ते मला असं कळलं:
एक पोरगं काउंटरशी आलं,
रुपया काढला नाही.
म्हणालं, मामा, चार्जिंगला लावू काय?

दिवाळीपर्यंत अकरा फोन.
माझ्या लाइटवर भरायचे,
माझ्याच फळीवर बसून खेळायचे,
चौघं, चार दिशांना तोंडं.
किती रे ह्याला?
फुकट की, मामा.
रुपयाशी आठ आण्यानं भांडता येतं.
फुकटाशी कसं भांडायचं?
मी टीव्हीवरची धूळ पुसत राहिलो.

पुतण्या माझा, प्रज्योत, पुण्यात
मोठ्या गेमच्या कंपनीत लागला.
तीन वर्षं एका जंगलात होता.
एकेक झाड. सालीवरचे ओरखडे.
एक फणस तर खानापूरच्या वाटेवरचा घातलेला,
गाडी थांबवून फोटो काढून नेला होता,
मुळाशी लागलेल्या फणसासकट.
मग वरनं कुणीतरी म्हणालं,
चार हजाराला हे घेणार कोण?
जंगल बाहेर आलंच नाही.
आता तो नाणी काढतो.
नाणं फुटतं, चमकतं, पोर परत दाबतं.
एवढंच.
पगार, खोटं कशाला बोलू, वाढलाय.
फणसाचं काय झालं, विचारलं.
आहे की काका, फोल्डरमध्ये.

आता शेडमध्ये मी स्क्रीनगार्ड बसवतो, तीस रुपये.
काचेखाली फुगा राहू देत नाही.
परवा बसलिंग आला,
उद्यमबागेत फाउंड्रीला असतो, दाढी पिकलीय,
पोरीचा फोन घेऊन.
मी काच पुसेपर्यंत त्याचा हात
सवय असल्यासारखा फळीमागं गेला
आणि दुसरा रिमोट घेऊन वर आला.
वायर कुठंच जोडलेली नव्हती.
अंगठा बरोबर बसक्या बटणावर.
जोरात दाबावं लागतं ते,
त्यानं जोरात दाबलं.

पोरगी बघत होती.
फोन माझ्या हातात, म्हणून बघत होती.
म्हणाली, अप्पा, ह्यात कॉइन कुठं मिळायचे?
आम्ही दोघं जरा अडलो.
मिळायचे नाहीत गं, बसलिंग म्हणाला,
द्यायला लागायचे.

तीस झाले, मी म्हणालो.
त्यानं एकतीस ठेवले.
आणि रिमोट काही खाली ठेवला नाही.
मी घड्याळ बघितलं.